शाळेचे गुण, शाळेची हवा

लंडनच्या पश्चिमेला सुमारे 32 किलोमीटरवर असलेल्या स्लाऊ शहरात शाळेचा विषय घरभाड्याच्या विषयाला चिकटूनच निघतो, कारण कोणत्या रस्त्यावर घर घ्यायचे हे पुष्कळदा कोणत्या शाळेत मूल घालायचे यावरच ठरते. 1920 मध्ये सुरू झालेल्या औद्योगिक वसाहतीने हे शहर वाढवले, हीथ्रो विमानतळाच्या शेजाराने त्याला कामधंदा पुरवला आणि 2022 मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ लाइनने ते लंडनमधल्या कचेऱ्यांच्या आणखी जवळ आणले. 2021 च्या जनगणनेनुसार येथील सुमारे 1 लाख 58 हजार रहिवाशांपैकी जवळजवळ 47 टक्के लोक आशियाई वंशाचे आहेत. माहिती-तंत्रज्ञानाच्या नोकऱ्यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेली अनेक मराठी कुटुंबे येथे आणि लगतच्या लँग्ली भागात स्थिरावली आहेत, आणि मूल आठ-नऊ वर्षांचे झाले की त्या घरांतही चांगली शाळा कोणती, याचा शोध सुरू होतो. या शोधात दोन गोष्टी सहज हाती लागतात: शाळेच्या निकालाचा आकडा आणि सरकारी तपासनीसांचा शेरा. तिसरी गोष्ट, म्हणजे मराठी पालक ज्याला ‘तिथलं वातावरण चांगलं आहे’ असे म्हणतात ती, कोणत्याही तक्त्यात नीट बसत नाही. पहिल्या दोहोंवरून तिसरीचा अंदाज बांधता येतो असे बहुतेकजण गृहीत धरतात. हे गृहीत कितपत खरे आहे, हे तपासायला स्लाऊसारखे ठिकाण क्वचितच सापडेल.

‘शालेय वातावरण’ हा शिक्षणशास्त्रात आता रुळलेला पारिभाषिक शब्द आहे. शाळेत मुलांना आणि शिक्षकांना सुरक्षित वाटते का, त्यांचे परस्परसंबंध विश्वासाचे आहेत का, शिकण्या-शिकवण्याला तेथे खरोखर महत्त्व दिले जाते का आणि शाळेची वास्तू, नियम व दिनक्रम या सगळ्याला पोषक आहेत का, अशा चार अंगांनी त्याचा विचार केला जातो. अँड्र्यू हॅल्पिन आणि डॉन क्रॉफ्ट या अमेरिकन संशोधकांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीस शिक्षकांसाठी प्रश्नावली तयार करून हे वातावरण मोजण्याचा पद्धतशीर प्रयत्न केला. पुढे विद्यार्थी आणि पालक यांच्यासाठीही अशा प्रश्नावल्या निघाल्या. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते, ती अशी की प्रश्नावलीतून कळते ते लोकांना शाळा कशी वाटते हे, आणि एकाच शाळेबद्दल शिक्षकांना जे वाटते तेच मुलांना वाटत असते असे नाही. मुख्याध्यापकांच्या दालनातून शिस्तबद्ध दिसणारी शाळा मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाच्या दाराशी वेगळीच असू शकते.

दुसऱ्या बाजूला गुण आहेत. प्रमाणित चाचणी म्हणजे जी सर्वांना सारख्याच अटींवर दिली जाते, सारख्याच रीतीने तपासली जाते आणि जिच्या कच्च्या गुणांचे रूपांतर तुलना करता येईल अशा मोजपट्टीवर केले जाते ती चाचणी. स्लाऊमध्ये याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे सप्टेंबरमध्ये होणारी इलेव्हन प्लस, अर्थात ग्रामर स्कूलच्या प्रवेशासाठी दहा-अकरा वर्षांच्या मुलांनी द्यायची परीक्षा. महाराष्ट्रातल्या पालकांना ती शिष्यवृत्ती परीक्षेच्या जवळची वाटते, फरक एवढाच की शिष्यवृत्ती हुकली तरी शाळा बदलत नाही. या परीक्षेत पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात आणि मुलाने किती उत्तरे बरोबर दिली ही संख्या जशीच्या तशी कळवली जात नाही, तर 100 ही सरासरी धरून आणि मुलाचे नेमके वय हिशेबात घेऊन प्रमाणित गुण काढले जातात. इंग्लंडमध्ये एका वर्गात 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट या काळात जन्मलेली मुले असतात. तेव्हा सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या मुलीने आणि तिच्यापेक्षा जवळजवळ वर्षाने लहान असलेल्या, ऑगस्टमध्ये जन्मलेल्या मुलीने नेमकी तेवढीच उत्तरे बरोबर दिली, तर लहान मुलीचे प्रमाणित गुण जास्त येतात. स्लाऊत पात्रतेची रेषा 111 वर आहे, आणि बरोबर उत्तरांची संख्या सारखी असूनही एक मुलगी रेषेच्या वर आणि दुसरी खाली, असे होऊ शकते. पात्र ठरले तरी जागा मिळेलच असे नाही. प्रत्येक शाळेचे प्रवेशाचे स्वतःचे निकष असतात, अर्ज 31 ऑक्टोबरपर्यंत करायचा असतो आणि उत्तर 1 मार्चला येते.

स्लाऊत अशी चार ग्रामर स्कूल आहेत: हर्शल, लँग्ली, अप्टन कोर्ट आणि सेंट बर्नार्ड्स कॅथलिक. (हर्शल हे नाव विल्यम हर्शल या खगोलशास्त्रज्ञाचे, युरेनसचा शोध लावल्यानंतर तो 1786 पासून अखेरपर्यंत स्लाऊतच राहिला. या शहरात गुणवत्तेचा शिक्का बसलेल्या शाळेला आकाश मोजणाऱ्याचे नाव मिळावे हे शोभून दिसते.) संपूर्ण इंग्लंडमध्ये आता 163 ग्रामर स्कूल उरली आहेत, त्यांपैकी चार एवढ्याशा शहरात असण्याचे कारण इतिहासात आहे. 1944 च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी मुलांची निवड करून त्यांना वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत पाठवण्याची पद्धत देशभर रूढ झाली. 1965 पासून सर्वांसाठी एकच शाळा या धोरणाने ती बहुतेक ठिकाणी मोडीत निघाली, पण काही भागांनी ती सोडली नाही. स्लाऊ 1974 पर्यंत बकिंगहॅमशर परगण्यात होते, आणि त्या परगण्यात निवड-पद्धत आजही पुरती टिकून आहे. वेस्टगेट, वेक्सम, बेलिस कोर्ट, बीचवुड अशा निवड न करणाऱ्या शाळा त्याच गावात, कधी कधी एकाच बसमार्गावर, या चार शाळांच्या शेजारी उभ्या आहेत आणि निकालाच्या तक्त्यात सगळ्यांची नावे एकाखाली एक छापली जातात.

तक्त्यातला पहिला आकडा ‘अटेनमेंट 8’ हा. सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेतल्या आठ विषयांच्या श्रेणींची ही बेरीज असून इंग्रजी व गणित दुप्पट धरले जात असल्याने दहा घरे होतात आणि कमाल गुण 90 येतात. अकराव्या वर्षी चाळण लावून घेतलेली मुले सोळाव्या वर्षी वर दिसणारच. त्यामुळे हा आकडा शाळेने काय केले यापेक्षा शाळेत कोण आले हेच अधिक सांगतो. ही त्रुटी भरून काढण्यासाठी 2016 पासून ‘प्रोग्रेस 8’ हे माप आले. त्याचा हिशेब सोपा आहे: एखाद्या मुलाचे अटेनमेंट 8 गुण 52 आले आणि प्राथमिक शाळेच्या शेवटच्या वर्षी, म्हणजे इयर सिक्समध्ये, त्याच्याएवढेच गुण मिळवलेल्या देशभरातल्या मुलांची सरासरी 48 असेल, तर फरक 4, आणि दहा घरांनी भागल्यावर प्रगती +0.4. शाळेतल्या मुलांच्या अशा आकड्यांची सरासरी म्हणजे शाळेचे प्रोग्रेस 8. शून्य म्हणजे देशाच्या सरासरीएवढी प्रगती.

हे माप पहिल्यापेक्षा न्याय्य आहे यात शंका नाही, तरी स्लाऊच्या संदर्भात त्याच्या दोन खोचा लक्षात घ्याव्या लागतात. येथील असंख्य मुलांच्या घरी पंजाबी, उर्दू, पोलिश, तमिळ, मराठी अशा भाषा बोलल्या जातात. ज्या मुलाचे इंग्रजी अकराव्या वर्षी अजून पिकायचे आहे, त्याचे त्या वेळचे गुण त्याच्या खऱ्या कुवतीपेक्षा कमी येतात आणि पुढच्या पाच वर्षांत भाषा हाताशी आल्यावर तो झपाट्याने वर जातो. ही वाढ शाळेच्या खात्यावर जमा होते, मग शाळेने त्यासाठी विशेष काही केलेले असो वा नसो. दुसरी खोच उलट दिशेची आहे. पुण्याहून थेट इयर एटमध्ये दाखल झालेल्या मुलाने इंग्लंडमधल्या इयर सिक्सच्या चाचण्या दिलेल्याच नसतात, म्हणून प्रोग्रेस 8 च्या हिशेबात तो मोजलाच जात नाही. नव्या देशात बावरलेल्या त्या मुलाला शाळेने कसे सांभाळले, याची नोंद प्रगतीच्या मापात कुठेही उमटत नाही. ब्रिस्टल विद्यापीठाचे जॉर्ज लेकी आणि हार्वे गोल्डस्टीन यांनी मुलांची सामाजिक-आर्थिक पार्श्वभूमीही हिशेबात धरून हे माप पुन्हा काढून पाहिले, तेव्हा देशातल्या एक पंचमांशाहून अधिक शाळांचे क्रमांक 500 हून अधिक स्थानांनी हलले. ज्या तक्त्यात पार्श्वभूमी मोजताच एवढी उलथापालथ होते, त्यातल्या चार-पाच क्रमांकांच्या फरकावरून घर बदलण्याचा निर्णय घेणे धाडसाचेच म्हणावे लागेल.

मग वातावरणाचे काय? या प्रश्नाचा सर्वांत मोलाचा अभ्यास स्लाऊपासून फार लांब झालेला नाही. मायकेल रटर या बालमानसोपचारतज्ज्ञाने सहकाऱ्यांसह लंडनच्या आतल्या भागातील 12 माध्यमिक शाळांचा कित्येक वर्षे मागोवा घेतला आणि 1979 मध्ये ‘फिफ्टीन थाउजंड अवर्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केले. पाचव्या वर्षापासून शाळा सुटेपर्यंत मूल शाळेत जे सुमारे 15,000 तास घालवते, त्यांवरून हे नाव आले. त्याआधी अमेरिकेत 1966 च्या कोलमन अहवालाचा अर्थ असा लावला गेला होता की मुलाचे यश बहुतांशी घरावर ठरते, शाळेने फारसा फरक पडत नाही. रटर यांनी मुले शाळेत येतानाच कशी होती हे मोजून ठेवले होते, म्हणून तो फरक वजा करूनही शाळाशाळांत हजेरी, वर्तन, परीक्षेतले यश आणि शाळेबाहेरची गुन्हेगारी यांत तफावत उरते, हे त्यांना दाखवता आले. ही तफावत इमारत जुनी की नवी, शाळा मोठी की लहान, यांवरून ठरत नव्हती.

ती कशावरून ठरत होती, हे सांगणारा त्या पुस्तकाचा भाग आजही वाचनीय आहे, कारण त्यात ‘वातावरण’ हा धूसर शब्द हाताला लागतो. संशोधकांनी वर्गात बसून टिपणे घेतली: तास वेळेवर सुरू होतो का, शिक्षक वेळेआधीच तास आवरता घेतात का, शिकवण्यातला किती वेळ विषयावर आणि किती साहित्य वाटण्यात व दटावण्यात जातो, मुलांचे काम भिंतीवर लावले जाते का, शिक्षक मिळून पाठाची आखणी करतात का, चांगल्या कामाचे चारचौघांत कौतुक होते का. मधल्या सुट्टीत इमारतीत थांबायची मुभा आहे का, मुलांना टेलिफोन वापरता येतो का, गरम पेय मिळते का, असल्या बारीकसारीक गोष्टीही त्यांच्या यादीत होत्या. मुलांना जबाबदारीची कामे देणाऱ्या आणि शिक्षेपेक्षा शाबासकीवर भर देणाऱ्या शाळांत वर्तनही बरे होते आणि निकालही बरे होते. यांतली कोणतीही एक गोष्ट जादूची नव्हती. अनेक गोष्टी एकत्र येऊन शाळेचा जो एकूण स्वभाव बनतो, त्याला रटर यांनी ‘इथॉस’ म्हटले. मराठीत ‘शाळेचं वळण’ हा शब्द त्याला चपखल बसेल.

त्याच पुस्तकातला आणखी एक निष्कर्ष स्लाऊला थेट लागू पडतो, पण तो फारसा उद्धृत होत नाही. शाळेत येणाऱ्या मुलांमध्ये निदान सरासरी कुवतीची मुले पुरेशा संख्येने असली, तर सगळ्याच मुलांच्या वाट्याला बरे निकाल येतात. ती नसली तर शाळेचे वळण टिकवणे शिक्षकांना जड जाते. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या ही म्हण जे सांगते तेच हे, फक्त मोजून. अकराव्या वर्षीची चाळण एका बाजूला ग्रामर स्कूलचा निकाल उंचावते आणि दुसऱ्या बाजूला उरलेल्या शाळांतून नेमका हा पवळ्याला गुण लावणारा ढवळ्या काढून घेते. त्यात स्लाऊच्या ग्रामर स्कूलमध्ये शहराबाहेरूनही पुष्कळ मुले येतात, म्हणजे शेजारची शाळा शेजारच्या मुलांची राहत नाही. अशा परिस्थितीत निवड न करणारी एखादी शाळा शांत, आपुलकीची आणि अभ्यासाला वाहिलेली असेल, तर तिच्या शिक्षकांचे कर्तृत्व निकालाच्या आकड्यात दिसते त्याहून कितीतरी मोठे मानले पाहिजे.

वातावरण आणि गुण बरोबरीने चालतात, एवढे मान्य केले तरी कोण कोणाला ओढते हा प्रश्न उरतो. निकाल चांगले लागलेली शाळा आनंदी दिसते, तिला शिक्षक सहज मिळतात, तिच्या मुलांना गणवेश घालून रस्त्याने जाताना बरे वाटते. म्हणजे गुणांमुळेही हवा सुधारते. कॅलिफोर्नियातील मधल्या इयत्तांच्या शाळांवर ॲडम व्हॉइट आणि थॉमस हॅन्सन यांनी 2017 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हा गुंता स्पष्ट दिसतो: चांगल्या वातावरणाच्या शाळांचे निकाल इतरांपेक्षा चांगले होते, मात्र त्याच शाळेचे वातावरण काळानुसार सुधारले तेव्हा तिचे निकाल त्या मानाने फारच थोडे हलले. याउलट शिकागोत अँथनी ब्रिक आणि सहकाऱ्यांनी शेकडो प्राथमिक शाळांची वर्षानुवर्षांची माहिती पाहून 2010 मध्ये मांडले की नेतृत्व, पालकांशी नाते, शिक्षकांची क्षमता, मुलांना केंद्रस्थानी ठेवणारे वातावरण आणि अध्यापनाची दिशा या पाचांपैकी बहुतेक बाबींत भक्कम असलेल्या शाळांच्या निकालांत भरीव सुधारणा होण्याची शक्यता कमकुवत शाळांच्या दहापट होती. दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर असे दिसते की वातावरण एकटे फारसे काही करत नाही. नीट शिकवण्याला त्याची जोड मिळाली की ते फळते, आणि त्यालाही वर्षे लागतात. शिकागोच्याच माध्यमिक शाळांवरील किराबो जॅक्सन आणि सहकाऱ्यांच्या 2020 च्या अभ्यासाने आणखी एक भर घातली: मुलांची चिकाटी व शाळेशी जुळलेले नाते वाढवणाऱ्या शाळांचा पुढच्या आयुष्यावर, म्हणजे शाळा पूर्ण करणे, कॉलेजात जाणे, पोलिसांच्या कचाट्यात न सापडणे यांवर, केवळ चाचणीचे गुण वाढवणाऱ्या शाळांपेक्षा अधिक परिणाम झाला.

राहिला तपासनीसांचा शेरा. 1992 पासून कार्यरत असलेली ऑफस्टेड ही संस्था शाळांची तपासणी करते आणि 2024 पर्यंत ती प्रत्येक शाळेला आउटस्टँडिंग, गुड, रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट किंवा इनॅडिक्वेट यांपैकी एकच शिक्का देत असे. शाळांच्या फाटकांवर फडकणारे फलक याच शिक्क्यांचे. यॉर्क विद्यापीठाच्या सोफी फॉन श्टुम यांनी सहकाऱ्यांसह 2020 मध्ये चार हजारांहून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा सोळाव्या वर्षीच्या निकालांतल्या फरकापैकी अवघे 4 टक्के ऑफस्टेडच्या शेऱ्याने उलगडत होते, आणि अकराव्या वर्षीचे गुण व घरची परिस्थिती वजा केल्यावर तो वाटा 1 टक्क्यावर आला. मुले शाळेत किती समाधानी आहेत, हे सांगण्याच्या बाबतीतही तो शेरा असाच दुबळा निघाला. म्हणजे फाटकावरचा फलक ना गुण सांगतो, ना हवा.

या शिक्क्याची किंमत स्लाऊच्या शेजारीच मोजली गेली. स्लाऊ आता ज्यात मोडते त्या बर्कशर परगण्यातल्याच रेडिंग येथील कॅव्हर्शॅम प्राथमिक शाळेला नोव्हेंबर 2022 च्या तपासणीत नेतृत्व वगळता बाकी सर्व बाबतींत गुड असा शेरा मिळाला. मात्र मुलांच्या सुरक्षिततेविषयीच्या नोंदींतल्या उणिवांमुळे नेतृत्वाला आणि म्हणून संपूर्ण शाळेला इनॅडिक्वेट ठरवण्यात आले. जानेवारी 2023 मध्ये मुख्याध्यापिका रूथ पेरी यांनी आपले जीवन संपवले, आणि या तपासणीचा त्यांच्या मृत्यूला हातभार लागला असा निर्णय त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायचौकशीत देण्यात आला. सप्टेंबर 2024 मध्ये सरकारी शाळांसाठी एका शब्दाचा शिक्का बंद झाला. नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी समावेशकता, अध्यापन, संपादन, हजेरी व वर्तन, वैयक्तिक विकास व स्वास्थ्य, नेतृत्व अशा बाबींवर स्वतंत्र पाच पायऱ्यांचे प्रगतिपुस्तक आले आहे. पालकांना आता निदान वर्तन आणि स्वास्थ्य यांचे रकाने निकालाच्या रकान्यापासून वेगळे वाचता येतात, ही सुधारणा छोटी नाही.

स्लाऊतल्या मराठी पालकांनी हे रकाने वाचावेत, पण तेवढ्यावर थांबू नये. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या ओपन ईव्हनिंगला शाळा पाहुण्यांसाठी नटलेली असते, म्हणून कामाच्या दिवशी शाळा पाहायला मिळेल का, असे विचारावे. एक तास संपून दुसरा सुरू होताना जिन्यात काय चालते, घंटेनंतर किती मिनिटांत वर्ग कामाला लागतो, दर्शनी दालनातली चित्रे यंदाची की पाच वर्षांपूर्वीची, नवी आलेली मुले जेवणाच्या सुट्टीत कोणाबरोबर बसतात, हे अर्ध्या तासात दिसते. वर्षाला किती शिक्षक सोडून जातात आणि दहा टक्के वा त्याहून अधिक दिवस गैरहजर राहणाऱ्या मुलांचे प्रमाण किती, हे दोन प्रश्नही विचारावेत. इंग्लंडमध्ये हे दुसरे प्रमाण महासाथीपूर्वी 11 टक्क्यांच्या आसपास होते आणि 2022-23 मध्ये ते 21 टक्क्यांवर गेले होते. शाळेत जावेसे वाटत नाही, हे मूल प्रश्नावलीत लिहिण्याआधी हजेरीपटावर नोंदवून जाते.

सध्या हे पाहणे आणखी गरजेचे आहे, त्याचे कारण तांत्रिक आहे. महासाथीमुळे 2020 आणि 2021 मध्ये इयर सिक्सच्या चाचण्या झाल्याच नाहीत, आणि त्या वर्षांची मुले 2025 व 2026 मध्ये जीसीएसईला बसणारी होती. मागचे गुणच नसल्याने या दोन वर्षांचे प्रोग्रेस 8 काढता येत नाही. या दोन निकालांपुरता तक्त्यात ठळकपणे उरतो तो अटेनमेंट 8, म्हणजे चाळणीतून कोण आले हे सांगणारा जुनाच आकडा.